चर्चमध्ये जायचे कपडे

शैलाच्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीतला पलंग ऑगस्ट लागल्यापासून कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. त्याच्यावर कपड्यांचा डोंगर होता. लिननची पांढरी पँट, एक निळा आणि एक मोतिया असे दोन मॅक्सी ड्रेस, फुलाफुलांचे टॉप, कुर्ते, एक नारायणपेठ, आणि मॉलमधून आणून लेबलसुद्धा न काढलेलं बरंच काही. राजीव रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन त्या खोलीच्या दारात उभा राहायचा, डोंगर कालच्यापेक्षा वाढलाय का ते बघायचा आणि काही न बोलता खाली जायचा. इतक्या वर्षांच्या संसारात तो एवढं तरी शिकला होता.

कारण होतं सप्टेंबरातली क्रूझ. बुडापेस्टला बोटीत बसायचं आणि डॅन्यूब नदीतून प्रवाहाच्या उलट्या दिशेनं, रमतगमत, जर्मनीपर्यंत जायचं. जाणार होते चौघं: शैला, राजीव, आणि त्यांच्याच, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात राहणारे धर्मराज आणि कमलाताई. राजीव आणि धर्मराज दोघांनी डेट्रॉइटच्या एका कार कंपनीत उभा जन्म गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात घालवला होता. रिटायरही बरोबरच झाले. निरोपाच्या पार्टीत केक कापता कापता दोघांनी क्रूझ ठरवूनही टाकली, आणि बायकांना सांगितलं ते घरी येताना गाडीत.

सगळं छान चाललं होतं, आणि मग बोटीच्या कंपनीकडून मेल आला. वाटेत पुष्कळ जुनी चर्चेस बघायची आहेत, ती नुसती बघायची ठिकाणं नाहीत, तिथं लोक प्रार्थनेला येतात. तेव्हा खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पुरुषांनी आत शिरताना टोपी काढावी, बीचवरचे कपडे नकोत. बास, एवढाच मेल. राजीवनं तो वाचला, ‘ठीक आहे’ म्हणाला आणि विसरून गेला. शैलाची मात्र झोप उडाली.

त्याला कारणही तसंच होतं. राजीवची बहीण नीना बेलव्ह्यूला असते. ती दोन वर्षांपूर्वी अशाच एका क्रूझला जाऊन आली होती. एका मोठ्या चर्चच्या दारात एका म्हातारीनं तिला अडवलं, तिच्या उघड्या दंडांकडे बोट दाखवलं आणि हातात एक निळी कागदी केप दिली. ती पांघरून नीना आत गेली. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंमध्ये नीना डेंटिस्टकडे दात काढायला आल्यासारखी दिसत होती. नीना स्वतः ते फोटो दाखवून पोट धरून हसायची. “अगं, एवढं काय मनावर घेतेस? कागद तर कागद,” ती फोनवर म्हणाली. पण शैला नीनासारखी नव्हती. चारचौघांत कुणी आपल्याला दारात थांबवलं, या नुसत्या कल्पनेनंच ती पुन्हा जाऊन कपाट उघडायची.

“आई, जस्ट वेअर पँट्स अँड अ शर्ट!” प्रीताचं म्हणणं. प्रीता शैलाची मुलगी, मिशिगनमध्येच जन्मलेली, आता फिजिकल थेरपिस्ट. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र अर्धीअधिक गाडी इंग्लिशवर जायची.

“आणि साडी? साडीत तर सगळं झाकलेलं असतं.”

“मिडरिफ, आई. तुझं पोट दिसतं.”

शैलानं नारायणपेठ उचलून बाजूला ठेवली. मग पुन्हा आणून पलंगावर ठेवली. मॅक्सी ड्रेसला बाह्या नव्हत्या. बाह्या होत्या त्या टॉपचा गळा खोल होता. कुर्ते बरे होते, पण कुर्त्यात आपण फोटोत आडव्या दिसतो असं तिचं ठाम मत होतं. शेवटी एका गुरुवारी तिनं कमलाताईंना फोन केला. “कमलाताई, जरा येऊन जाता का? मी या कपड्यांपुढे हात टेकले.”

कमलाताई मूळच्या नागपूरच्या, इंदोऱ्यातल्या. मायक्रोबायॉलॉजी शिकून अमेरिकेत आल्या आणि पुढं एका हॉस्पिटलची अख्खी लॅब त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. आता अडुसष्ट वर्षांच्या होत्या. पाठ ताठ, केस पांढरे आणि बारीक कापलेले. शैलाला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून एक नवल वाटायचं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला सगळ्या बायका पैठण्या आणि दागिने घालून यायच्या, शैलाही त्यातच. कमलाताई साधी हातमागाची साडी नेसून यायच्या, अंगावर दागिना म्हणून मनगटातलं घड्याळ. पण ती साडी अशी चोपून नेसलेली, निऱ्या अशा सारख्या, की नवीन आलेली माणसं हमखास विचारायची, ‘त्या कोण हो?’ त्यांच्या कपड्यावर कधी कुणाला सुरकुती दिसली नव्हती. जून महिन्यातल्या पिकनिकला सगळे घामानं चिंब झालेले असताना कमलाताईंच्या शर्टाची कॉलर सकाळसारखी उभी असायची. हे कसं जमतं, ते शैलाला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं.

कमलाताई आल्या, त्यांनी पलंग पाहिला आणि त्या हसल्या नाहीत. शैलाला तेवढ्यानंच बरं वाटलं.

“तुम्ही काय काय नेताय?” शैलानं विचारलं.

“दोन पँट, एक लांब स्कर्ट, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट. उकडलं की बाह्या वर करायच्या, चर्च आलं की खाली. दोन मोठ्या ओढण्या. आणि शेवटच्या रात्रीच्या जेवणाला एक साडी.”

“बास?”

“आपण बोटीवर चाललोय शैला, बोट विकत घ्यायला नाही.”

शैला हसली, पण तिची कुरकुर संपली नव्हती. “मला ना रागच येतो हो एकेकदा. इतके पैसे भरून जायचं, आणि वर यांनी सांगायचं काय घाला नि काय घालू नका.”

कमलाताई एका कुर्त्याची घडी घालत होत्या. त्यांचे हात क्षणभर थांबले. “मला आवडला तो मेल,” त्या म्हणाल्या. “खांदे झाका, गुडघे झाका, आत या. दुसरं काही विचारलं नाही.”

मेल आटोपशीर आहे म्हणून त्या कौतुक करतायत, असं शैलाला वाटलं. लॅबमधल्या माणसाला थोडक्यात लिहिलेलं आवडणारच.

घड्या घालून झाल्यावर कमलाताईंनी एक राखाडी लांब स्कर्ट आणि एक फिक्या निळ्या रंगाचा लांब बाह्यांचा शर्ट डोंगरातून उपसून काढला. “हे घाल शनिवारी. पलंगावर पसरून कपडे कळत नाहीत. आपण दिवसभर घालून हिंडू, चालू, जिने चढू. एखादं जुनं चर्चही बघू. कुठं टोचतंय, कुठं घसरतंय, ते इथंच कळू दे. बुडापेस्टला जाऊन कळण्यापेक्षा बरं.”

रंगीत तालीमच म्हणायची! शैलाला ती कल्पना एकदम आवडली.

शनिवारी प्रीता आईकडे आली होती. आईला आणि कमलाताईंना हॅमट्रॅमिकला जायचंय म्हटल्यावर म्हणाली, “आय विल ड्राइव्ह. मला तिथल्या बेकरीतून पोंचकी, ते पोलिश डोनट्स, घ्यायचेच आहेत.” ती सकाळची धावून आलेली, अंगात तोकडी शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचा टॉप. “तुम्ही चर्च बघा, मी कारमध्ये बसते.”

हॅमट्रॅमिक म्हणजे डेट्रॉइटच्या पोटातलं एक एवढंसं गाव. ट्रॉयहून फ्रीवेनं आलं तर पोळ्यांची कणीक मुरते तेवढ्या वेळात पोचता येतं. एके काळी तिथं सगळी पोलंडहून आलेली कामगार माणसं राहायची. आता पोलिश बेकरीच्या शेजारी बांगलादेशी साड्यांचं दुकान, त्याच्या पलीकडे येमेनी चहावाला. त्या सगळ्यांच्या डोक्यावर एक जुनं, लाल विटांचं, दोन मनोऱ्यांचं चर्च उभं होतं. मनोऱ्यांवरचं तांबं हिरवं पडलेलं. मोठं दार सताड उघडं होतं.

प्रीतानं रस्त्यापलीकडे गाडी लावली आणि मान वर करून बघत राहिली. “वॉव. या काचा बघ, आई. आतून कशा दिसत असतील!”

“मग चल की,” कमलाताई म्हणाल्या.

“अशी?” प्रीतानं स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं.

कमलाताईंनी पिशवीतून दोन्ही ओढण्या काढल्या. एक गडद निळी, एक विटकरी. निळी त्यांनी प्रीताच्या कमरेभोवती गुंडाळून बाजूला घट्ट गाठ मारली, ती घोट्यापर्यंत आली. विटकरी दोन्ही खांद्यांवरून घेऊन पुढं एक पदर डावीकडे टाकला. भर रस्त्यात, गाडीच्या दाराआड, दोन मिनिटांत काम झालं.

“मावशी, आय लुक लाइक अ मंक.”

“मंक तर मंक. मंकला कुणी दारात अडवत नाही.” कमलाताईंनी स्वतःच्या शर्टाच्या बाह्या खाली केल्या, मनगटाशी बटणं लावली. त्यांचा शर्ट पांढरा होता, खाली काळा लांब स्कर्ट. शैलानं आपली कॉलर नीट केली. तिघी पायऱ्या चढून आत गेल्या.

दारातून आत पाऊल टाकलं आणि शैला जागीच थिजली. समोर, अगदी हाताच्या अंतरावर, चाकांच्या गाडीवर एक शवपेटी होती. तिच्याजवळ पांढऱ्या झग्यातले एक फादर उभे होते, काळा सूट घातलेला आणि काठीवर रेललेला एक म्हातारा होता, आणि अंत्यविधीच्या कंपनीतली एक बाई. पुढं ते अफाट चर्च रिकामं पडलं होतं. अगदी पुढच्या बाकांवर पाच-सहा पांढरी डोकी तेवढी दिसत होती.

“चला मागे, चला,” शैला कुजबुजली. तिनं प्रीताचा दंड धरून तिला दाराकडे ओढायला सुरुवातही केली होती.

कमलाताई वळल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली, एक पाऊल बाजूला झाल्या आणि हलक्या आवाजात इंग्लिशमध्ये म्हणाल्या, “माफ करा. आम्ही चर्च बघायला आलो होतो. इथं काय चाललंय ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही बाहेर थांबतो.”

म्हाताऱ्यानं वर बघितलं. त्याची नजर कमलाताईंच्या पांढऱ्या शर्टावरून त्यांच्या चेहऱ्यावर गेली, मग शैलावर, मग प्रीताच्या दोन ओढण्यांवर. “तुम्ही वांडाला ओळखत होतात?”

“नाही.”

“हरकत नाही. आता ओळखणारे राहिलेत किती? सगळे तिच्या आधीच गेले.” त्याचा आवाज घोगरा होता. “ही माझी बहीण. थांबा ना. जागा आहे भरपूर.”

फादरांच्या हातात एक घडी घातलेलं मोठं पांढरं कापड होतं, मध्ये क्रूस भरलेला. ते पेटीवर पसरायचं होतं. घरच्यांनी चार कोपरे धरायचे अशी रीत. पण घरचा म्हणून होता तो एकटा भाऊ, आणि त्याचा एक हात काठीवर. कंपनीतल्या बाईनं एक कोपरा धरला, फादरांनी दुसरा. म्हाताऱ्यानं थरथरत्या हातानं तिसरा घेतला. चौथा कोपरा तसाच लोंबत राहिला. त्यानं काठी काखेत धरून तो उचलला, क्षणभर हातात तोलला आणि कमलाताईंच्या दिशेनं पुढं केला.

“जरा धराल?”

कमलाताई जागच्या हलल्या नाहीत. “मी ख्रिश्चन नाही,” त्या म्हणाल्या. “मी बुद्धिस्ट आहे. चालेल का?”

“कापड धरायला चालेल,” फादर म्हणाले.

“वांडालाही चाललं असतं,” म्हातारा म्हणाला. “जो समोर येईल त्याला ती कामाला लावायची.”

मग कमलाताई पुढं झाल्या आणि त्यांनी कोपरा हातात घेतला. चौघांनी कापड उचललं, हवेत ताणलं. म्हाताऱ्याचा हात वर जाईना, कोपरा खाली ओघळायला लागला. तेवढ्यात प्रीता आईच्या हातातून सुटून पुढं गेली आणि तिनं त्याच्या हाताच्या कोपराखाली आपला हात दिला. त्या हाताला नेमका आधार कुठं द्यायचा ते तिला न सांगता कळत होतं. तिच्या रोजच्या कामातलंच ते. कापड हळूहळू पेटीवर उतरलं.

“आमच्याकडे असं म्हणतात,” फादर सगळ्यांना उद्देशून म्हणाले, पण नजर कमलाताईंकडे होती, “पेटी महाग असो की स्वस्त, एकदा हे कापड पडलं की ओळखू येत नाही. इथून पुढं सगळे सारखे.”

कमलाताईंच्या बाजूला कापडाला एक सुरकुती राहिली होती. त्यांनी तळहातानं ती सारखी केली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, सावकाश, कडेपर्यंत. शाळेत निघालेल्या मुलाचा सदरा सारखा करावा तशी. शैलाला त्यांचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत तिनं कमलाताईंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलच्या गोष्टी सांगतानाही नाही.

पेटीमागून चालत तिघी पुढं गेल्या आणि त्या पाच-सहा पांढऱ्या डोक्यांच्या मागच्या बाकावर बसल्या. उंच खिडक्यांच्या काचांमधून निळा आणि लाल उजेड बाकांवर सांडला होता. प्रीता वर बघत होती. शैला आधी कमलाताईंकडेच बघत राहिली. लोक उभे राहिले की कमलाताई उभ्या राहायच्या, बसले की बसायच्या. प्रसाद घ्यायला माणसं रांगेनं पुढं गेली तेव्हा त्या बाकावरच थांबल्या, हात जोडून, डोळे मिटून. गुडघे त्यांनी टेकले नाहीत, आणि ते खटकलंही नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन अंग चोरून बसणारी माणसं असतात, तिथलेच असल्याचा आव आणणारीही असतात. कमलाताईंचं तसं काहीच नव्हतं. त्या कमलाताई होत्या, आणि त्या तिथं होत्या.

फादरांनी वांडाबद्दल सांगितलं. पोलंडमधून लहानपणी आली. सतराव्या वर्षी कारखान्यात लागली, गाड्यांची सीट कव्हरं शिवायला, आणि रिटायर होईपर्यंत तेच करत राहिली. “या राज्यातली निम्मी माणसं तिच्या शिवणीवर बसून कुठं ना कुठं गेली असतील,” फादर म्हणाले, “आणि तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. पावसात, बर्फात, चर्चला चालत यायची.” पुढच्या बाकावरची एक म्हातारी खुदकन हसली, आणि मग तिनं रुमाल काढला. शैलाच्या मनात आलं, राजीव आणि धर्मराजनं ब्रेक बसवलेल्या कितीतरी गाड्यांमध्ये या बाईनं शिवलेली सीट असेल. कधीही न भेटलेल्या त्या बाईसाठी तिचे डोळे एकाएकी पाणावले.

शेवटी कापड काढून त्याची पुन्हा घडी घातली गेली, पेटी बाहेर नेली. म्हातारा पायऱ्यांवर त्यांच्यासाठी थांबला. त्याचं नाव स्टॅन. त्यानं तिघींचे हात हातात घेतले.

“आता रविवारी लोक चर्चला हाफपँट घालून येतात,” तो म्हणाला. “वांडा मागच्या बाकावरून त्यांच्याकडे असं बघायची की त्यांचे पाय गार पडायचे. तुमच्यावर खूश झाली असती.” मग प्रीताकडे वळून, “आणि तू हे काय घातलंयस ते मला काही कळलं नाही. पण छान दिसतंय.”

प्रीता लाजली. तिनं खांद्यावरची ओढणी नीट केली आणि त्याला म्हणाली की हा हात असा ठेवू नका, रोज थोडा व्यायाम द्या, मी दाखवते. आणि तिथंच, पायरीवर, तिनं त्याला बोटं कशी उघडायची आणि मिटायची ते दाखवलं. स्टॅननं आज्ञाधारकपणे दोनदा करून बघितलं.

दफनाला फक्त स्टॅन आणि फादर गेले. बाकीच्यांसाठी चर्चच्या तळघरात जेवण होतं, आणि तिथल्या बायकांनी या तिघींना सोडलं नाही. बटाटा भरलेली उकडलेली करंजीसारखी पिरोगी, वर परतलेला कांदा, आणि खसखशीचा केक. “आमच्याकडे ही गोड करतात, नारळ घालून,” शैलानं सांगितलं, आणि मग मोदक म्हणजे काय ते समजावून सांगण्यात तिचा अर्धा तास गेला. कपड्यांचा विषय निघाला तो एका म्हातारीनं प्रीताच्या ओढणीचं कापड चिमटीत धरून बघितलं तेव्हा. कुठलं, कसं धुवायचं, रंग जातो का. कमलाताई सगळं सांगत होत्या. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात, सावलीत वाळवायचं, इस्त्री उलट्या बाजूनं.

परतताना गाडी फ्रीवेला लागली. प्रीतानं विचारलं, “मावशी, तुम्ही रडत होता. आर यू ओके?”

“मी बरी आहे गं.” कमलाताई खिडकीबाहेर बघत होत्या. “आजीची आठवण आली. आईची आई. भंडाऱ्याजवळच्या एका खेड्यात असायची. गावच्या जत्रेला ती लुगडं खळबळून धुवायची, दगडाखाली दाबून घडी पाडायची, आणि नेसून देवळापाशी जायची. आणि बाहेर उभी राहायची. लांब, एका चिंचेखाली. आतलं कुणीतरी येऊन खोबऱ्याचा तुकडा लांबून टाकायचं.”

“लांबून? व्हाय? ती आत का नाही गेली?”

शैलानं चमकून लेकीकडे बघितलं. प्रीताला खरंच माहीत नव्हतं.

“जाऊ देत नव्हते,” कमलाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मुलीला नीट समजावं एवढीच काळजी होती. “आपल्या देशात तेव्हा माणसाची जात बघायचे, बाळा. काय घातलंय ते नाही बघायचे. कितीही स्वच्छ घाल, कितीही झाक, दार बंदच. मी आईला विचारायचे, मग आजी एवढं धुऊन नेसायची कशाला? आई म्हणायची, ते देवासाठी नव्हतं आणि त्या लोकांसाठीही नव्हतं. ते तिचं तिच्यासाठी होतं.”

प्रीतानं गाडीचा वेग कमी केला होता.

“पुढं आमच्या घरानं दीक्षा घेतली. नागपूरच्या त्या सोहळ्याला आई पांढरं नेसून गेली, मी तिच्या पोटात होते. नवं पांढरं लुगडं मिळालं नाही म्हणून तिनं जुन्याचे काठ उसवले आणि सोडा घालून ते उकळलं. त्यानंतर आम्हाला देवळाचा प्रश्नच राहिला नाही. मला कुठल्या गाभाऱ्यात जायची हौसही नाही. पण आज तो माणूस म्हणाला, ‘जरा धराल?’ कोण, कुठली, विचारलं नाही. एवढंच म्हणाला.”

तो मेल त्यांना का आवडला, ते शैलाला आता कळलं. ती म्हणाली, “पण कमलाताई, तुम्ही तर आधी म्हणालात, आम्ही बाहेर थांबतो.”

“हो, मग? ते त्यांचं दुःख होतं. तिथं घुसायचं नसतं.” त्या शैलाकडे वळून हसल्या. “आपण होऊन बाहेर थांबणं फार वेगळं असतं शैला. त्यात मान असतो. त्यांचाही आणि आपलाही.”

शैला त्यांच्याकडे बघत राहिली. पांढरी कॉलर अजून तशीच उभी होती. ते नुसत्या इस्त्रीचं काम नव्हे, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं. हे चिंचेखाली ताठ उभ्या राहिलेल्या कुणा बाईकडून चालत आलेलं होतं. कुठंही जा, कुणी आत घ्या न घ्या, आपण आपल्याला साजेसं उभं राहायचं. शैलाला त्या क्षणी डॅन्यूबपेक्षा, तिच्या काठच्या सगळ्या चर्चेसपेक्षा, या बाईबरोबर प्रवासाला जायला मिळतंय याचंच मोठं अप्रूप वाटलं.

कमलाताईंच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा धर्मराज अंगणात होते. एका हातात पाण्याचा पाइप, टोमॅटोच्या वाफ्यात पाणी चाललेलं. “या, या!” ते लांबूनच ओरडले. “काय झालं तालमीचं? पास की नापास?”

“भाऊजी, थांबा, मी सांगते,” शैला म्हणाली. ती गाडीतून उतरली, हिरवळीवरून तरातरा चालत त्यांच्यापाशी गेली आणि सांगायला लागली. उघडं दार, ती पेटी, ते कापड, चौथा कोपरा. मध्येच प्रीता येऊन तिला दुरुस्त करत होती, मध्येच इंग्लिशमध्ये भर घालत होती. ‘जरा धराल’ हे तर तिनं दोनदा सांगितलं. हे सगळं आपल्याला बघायला मिळालं, याचा तिला अभिमान वाटत होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

धर्मराज ऐकत होते. त्यांचं हसू विरलं होतं. ते बायकोकडे असे बघत होते की जणू त्यांनी तिला लग्नाआधी पहिल्यांदा पाहिलं, तो दिवस चालू होता. पाण्याची धार टोमॅटो सोडून त्यांच्या बुटांवर पडत होती, आणि त्यांना पत्ता नव्हता.

“आधी तो नळ बंद करा,” कमलाताई म्हणाल्या, “आणि सगळ्यांना आत घ्या. चहा टाकते.”